पडीक रंगाची कौलं

४ फेब्रुवारी

ती. मामास,

शिरसाष्टांग नमस्कार. आठही अंगं जमिनीला टेकली आहेत, पण दात-ओठ खाल्लेलेच आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

फोनवर भांडायचं नाही, राग आला की कागदावर उतरवायचा, पाकिटाला तिकीट शोधेपर्यंत तो अर्धा होतो, हा नियम तुमचाच. तर ऐका. तिकीट सापडलं, राग तसाच आहे. तिकीट चिकटवताना उलट थोडा वाढलाच.

काल सकाळी तुमच्या ऑफिसातून दोन माणसं आली आणि कारखान्याच्या फाटकावर भलामोठा रंगीत नकाशा चिकटवून गेली. नव्या विमानतळासाठी जागांची तपासणी, असं वर ठळक अक्षरात. आमचा माळ त्यावर हिरवागार. मला वाटलं, वा, कुणीतरी कौतुक केलंय. खाली वाचलं तर हिरवा म्हणजे ‘सर्वात योग्य’. पाळी सुटली होती. सगळी माणसं भोवती गोळा झाली आणि जो तो बोट फिरवून आपलं घर शोधायला लागला. मामा, एकालाही सापडलं नाही! रस्ता आहे. भट्टीचं धुराडं आहे, कारण ते म्हणे विमानाला आडवं येतं. पण जिथे आमची अख्खी वस्ती आहे तिथे बारीक अक्षरात छापलंय, ‘पडीक जमीन’.

पडीक! आई त्या पडीक जमिनीवर रोज दोन वेळा चूल पेटवते. बाबा त्या पडीक जमिनीवर असे घोरतात की तुमच्या उपग्रहाला दिसलं नाही तरी ऐकू जायला हवं होतं. आणि तुम्ही स्वतः दर सुट्टीत त्याच पडीक जमिनीवर आडवे पडून पंखा वाढव म्हणून माझ्यावर ओरडता. नकाशा विभागाचे प्रमुख तुम्ही. सख्ख्या बहिणीचं घर नकाशातून पुसलं गेलं आणि तुमच्या डोळ्यांवर काय झापड होती?

मी कॉलेज अर्धवट सोडलं असेल, पण याच विषयाचं सोडलं. काय झालंय ते मला बसल्या जागी कळलं. वस्तीतली सगळी घरं कारखान्यातल्या बाद कौलांनी शाकारलेली आहेत. जी तडकलेली, जी वाकडी भाजली गेली, ती कामगारांना. आई दिवसभर बोटाच्या पेराने कौल वाजवते. खणखणीत वाजलं तर गाडीत, बद्द वाजलं तर आमच्या डोक्यावर. आणि कौल कशाचं? याच माळाच्या मातीचं. वरून फोटो काढणाऱ्या यंत्राला खालची माती आणि छपरावरची माती एकाच रंगाची दिसली, आणि कुणातरी आंधळ्या गाढवाने खाली न येता, न बघता, सगळ्यावर एकच रंग फासून टाकला. त्या गाढवाचं नाव मला कळवा. पुढचं मी बघून घेतो.

आणि एक. तुम्ही हसाल. पट्टीचा काही पत्ता लागला का? वर्गात सगळे तिला पट्टी म्हणायचे, पट्टी न लावता सरळ रेघ मारायची म्हणून, बोलायचीही तशीच. मी भूगोलाच्या सरांशी भांडून वर्गातून बाहेर पडलो त्या दिवशी, ती मागे येईल म्हणून जिन्यात उभा राहिलो. ती आली. माझी बाकावर राहिलेली वही हातात दिली आणि परत वर्गात गेली. तिच्या वेणीतली पिन डाव्या बाजूला होती. एवढंच आठवतंय, आणि तेच पुन्हा पुन्हा आठवतंय. कौलं लादताना एक कौल हातातून सुटतं, तेव्हा मुकादम विचारतो की लक्ष कुठे आहे. जिन्यात आहे, हे त्याला कसं सांगू? वसतिगृहाच्या पत्त्यावर तीन पत्रं टाकली. तिन्ही परत आली.

लोभ आहेच. तो वाढवायचा की आटवायचा, ते तुमच्या उत्तरावर ठरवीन.

तुमचा (अजून तरी) भाचा,
भडकू


११ फेब्रुवारी

चि. भडकू यास,

अनेक उत्तम आशीर्वाद, आणि एक थंड पाण्याचा तांब्या. आधी तो डोक्यावर ओत.

तुझं म्हणणं बरोबर आहे. घरं चुकीच्या रंगात गेली, ही चूकच. दुरुस्ती होते आहे, नवा नकाशा फाटकावर लागेल. पण बाबा रे, घर सापडलं म्हणजे विमानतळ टळला, असं समजू नकोस. तू कॉलेज सोडलंस ते नेमकं हा धडा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, म्हणून सांगतो.

समज, काचेची तावदानं एकावर एक ठेवली आहेत. एकावर जमिनीचा उतार. दुसऱ्यावर वारा कुठून वाहतो. मग पूर कुठवर येतो, वस्ती कुठे, पक्ष्यांचे थवे कुठे, शहर किती लांब. प्रत्येक तावदानावर जमिनीच्या तुकड्या-तुकड्याला गुण. पण सगळे विषय सारखे नसतात. तुझ्या आईला तुझ्या केसांपेक्षा तुझी तब्येत महत्त्वाची, तसं. म्हणून प्रत्येक तावदानाला वजन द्यायचं, सगळ्या वजनांची बेरीज शंभर. मग वरून खाली आरपार बघायचं. जिथे सगळ्यात जास्त उजेड येतो, ती जागा. गुण यंत्र देतं. वजन माणूस ठरवतो, आणि भांडणं तिथेच असतात. आमच्या कच्च्या नकाशात तर पहिला नंबर नदीकाठचा होता, तुमचा माळ दुसरा. वजनं बदलली तसा क्रम फिरला. यात कुणाचं कारस्थान नाही, हे तुझ्या टाळक्यात शिरावं म्हणून सांगितलं.

आता एक अडचणीची गोष्ट. आमच्याकडे नियम आहे. तपासणी चालू असताना जागेबद्दल आलेला कुठलाही कागद, मग तो प्रमुखाच्या भाच्याचा का असेना, आवक शाखेत जातो. त्यावर ‘आक्षेप’ असा शिक्का बसतो आणि ज्या टेबलावर नकाशा तयार झाला त्या टेबलावर तो उत्तरासाठी जातो. मी तुझं पत्र खिशात घातलं असतं तर उद्या मामा-भाच्याचं साटंलोटं म्हणून बोंब झाली असती. आणि आक्षेपाला कात्री लावता येत नाही. पत्र जातं ते पूर्ण जातं, जिन्यापासून पिनेपर्यंत. त्या टेबलावर ते दोनदा वाचलं गेलं एवढं मला काचेतून दिसलं. ‘आंधळं गाढव’ या शब्दांखाली लाल रेघ आहे. सरळ आहे.

पुढच्या पत्रात जरा जपून. ताईला नमस्कार सांग, आणि या भानगडीत माझा चहा बंद करू नकोस म्हणावं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा


१५ फेब्रुवारी

ती. मामास,

नमस्कार. आज फक्त हात जोडतो, अष्टांगं वगैरे काही नाही.

तुमचा दुरुस्त नकाशा लागला. घरं आली. लाल ठिपके, गोवर उठल्यासारखे. आणि त्या गोवराच्या अंगावरून सरळ धावपट्टीची काळी रेघ! आधी आम्ही नव्हतो म्हणून विमानतळ. आता आम्ही आहोत, तरीही विमानतळ. मग शोधलंत कशाला आम्हाला? न सापडता मेलो असतो तर निदान अपमान तरी एकदाच झाला असता.

जपून लिही म्हणता? का म्हणून? लागू दे शिक्का. वाचू दे त्या टेबलाला. हे पत्र मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितोय.

नकाशा चिकटवायला आलेल्या तुमच्या माणसाला आईने पाणी दिलं. (तिची माणुसकी. मी दिलं नसतं.) पाणी पिता पिता तो सहज बोलून गेला की नकाशा करणाऱ्या व्यक्तीचं घर म्हणे नदीकाठी, बांधाच्या अगदी खाली आहे. माझ्या हातातलं कौल तिथेच फुटलं. आता सगळं आरपार दिसलं, तुमच्या तावदानांतून दिसतं त्यापेक्षा स्वच्छ! कच्च्या नकाशात नदीकाठ पहिला. मग वजनं बदलली. मग माळ पहिला. आणि मामा, तुम्ही मला सांगता कारस्थान नाही? कुंपणानेच शेत खाल्लं आणि राखणदार मला वजनांचा धडा शिकवतोय! स्वतःच्या छपरावरचं विमान ढकलून दुसऱ्याच्या छपरावर सोडायचं, आणि त्याला शास्त्र म्हणायचं. ज्याने हे केलं त्याने एकदा येऊन माझ्या आईसमोर उभं राहावं आणि बोटाने दाखवावं, की बाई, तुमची चूल या रेघेखाली येते.

 बाबा भट्टीच्या तोंडाशी बसून आत बघत असतात. काल त्यांना म्हटलं की फाटकावरचा तो कागद फाडून भट्टीत घालू. ते म्हणाले की घाल, पण राख कौलांवर उडू देऊ नकोस, डाग पडतात. अशा माणसाचं घर काढून घेताय तुम्ही.

माणूस किती खाली जाऊ शकतो याचा विचार करत होतो आणि पट्टी आठवली. भूगोलाच्या सरांनी फळ्यावर प्रमाण चुकवलं की ती भर वर्गात उभी राहून सांगायची. मी भांडायचो ते सरांना चिडवायला. ती उठायची ते चूक खपायची नाही म्हणून. तिच्यासारखं एक माणूस तुमच्या ऑफिसात असतं ना, तर हे झालंच नसतं. तुमच्याकडे सगळी वाकडी भाजलेली कौलं भरलीत.

नाव कळवा. लोभाचं नंतर बघू.

भडकू


२२ फेब्रुवारी

आक्षेप घेणारे श्री. भडकू यांस,

नमस्कार. फक्त नियमात आहे म्हणून.

तुमचे दोन्ही आक्षेप मिळाले. पूर्ण वाचले. आवक शाखेतल्या बाईंनीही वाचले, टपाल फिरवणाऱ्या काकांनीही वाचले. जिन्याचा भाग दोघांना फार आवडला. काका आता मला बघितलं की डाव्या बाजूला बघतात. पिन मी काढून टाकली आहे.

हो. आंधळं गाढव मीच. वाकडं भाजलेलं कौलही मीच. कॉलेज संपलं आणि याच ऑफिसात लागले, तुझ्या मामांच्या हाताखाली. त्यांनी तुला सांगितलं नाही, कारण मी सांगू नका म्हटलं होतं. तू शुद्धीवर येशील तेव्हा स्वतः सांगणार होते. तू काही शुद्धीवर येत नाहीस.

आता उत्तर ऐक. मधे बोलू नकोस. पत्र आहे, बोलताही येणार नाही.

नदीकाठी, बांधाखाली, पत्र्याचं घर आमचंच. शेजारी शहराचा कचरा डेपो. माझे वडील तिथे बुलडोझर चालवतात, आणि ते कचरा उलटवतात तसे त्यांच्यामागे घारी, कावळे, बगळे असे उतरतात की आभाळ काळं-पांढरं होतं. घारी आमच्या पत्र्यावर हाडं टाकतात. अभ्यास करताना दर थोड्या वेळाने डोक्यावर ठण्ण व्हायचं. कच्चा नकाशा केला तेव्हा पक्ष्यांच्या तावदानाला मी वजन दिलं शून्य. मुद्दाम. पक्ष्यांना वजन दिलं की आमचा काठ खाली घसरणार, आणि सगळे म्हणणार, बघा, हिने आपलं घर वाचवलं. ते ऐकायची मला भीती वाटली. म्हणून मी माझंच घर पहिल्या नंबरवर बसवलं आणि स्वतःला प्रामाणिक समजून घरी जाऊन झोपले.

ते शून्य तुझ्या मामांनी पकडलं. म्हणाले, इंजिनात घार घुसली तर तुझ्या प्रामाणिकपणासाठी विमानातल्या माणसांनी मरायचं का? वजन त्यांनी वाढवलं. त्याने पहिला नंबर माळाला जातो, आणि माळावर त्यांची बहीण राहते, हे त्यांना माहीत होतं. आणि म्हणूनच माळाचा तो कोपरा त्यांनी उघडून बघितलाच नाही. मी दाखवायला गेले तर म्हणाले की तो तूच बघ, मला दाखवू नकोस, उद्या बोलतील. मी बघितला. मला पडीक दिसला. कळलं का? आपलं माणूस जिथे राहतं तिथे जास्त डोळे लावून बघायचं सोडून दोघांनी डोळे मिटले. कारस्थान असतं तर बरं झालं असतं. कारस्थान करणारे निदान नीट बघून करतात.

आणखी एक, तुझ्या रागाच्या बाहेरचं. तीन पत्रं वसतिगृहाला पाठवलीस. मी वसतिगृहात एक दिवसही राहिले नाही. रोज डेपोकडून येणाऱ्या बसने यायचे, आणि वर्गात येण्याआधी नळावर हात कोपरापर्यंत धुवायचे, वास जावा म्हणून. तू शेजारच्या बाकावर होतास. माझी पिन कुठल्या बाजूला होती ते तुला माहीत आहे. मी कुठे राहते ते माहीत नाही. जागेवर न जाता नकाशा करणारी मी एकटीच नाही.

पक्ष्यांचे आकडे अजून जुन्या नोंदींवरचे आहेत. जागेवर जाऊन मोजणी व्हायची आहे, आणि मोजणीला ज्या बाजूचं नुकसान होतं त्या बाजूचा माणूस बसवायचा, असा नियम आहे. तुमच्या बाजूने तू ये. हिंमत असेल तर.

लोभाचा रकाना या उत्तरात नाही.

पट्टी


९ मार्च

ती. मामास,

सा. न. वि. वि. अक्षर वाकडं आलंय, परतीच्या बसमध्येच लिहायला घेतलंय.  

तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी त्या आवक शाखेच्या दारातून आत कसा गेलो ते माझं मला माहीत. बाईंनी मान वर करून विचारलं की जिनेवाले का? काय सांगणार! हो म्हटलं.

पट्टी मला बांधावर घेऊन गेली.  तिच्या आईने चहा दिला, आणि कप हातात देताना सुनावलं की पोरीला गाढव म्हणणारा तो हाच, बरा धडधाकट दिसतो, मला वाटलं काहीतरी आजार असेल. मग पट्टीने माझ्या एका हातात दुर्बीण दिली, दुसऱ्या हातात मोजणीचा तक्ता, आणि ऑफिसला निघून गेली! मामा, तिने मला एकटं सोडलं. मागे वळून बघितलंही नाही. दिवसभर तो बांध, मी आणि आभाळ. काय लिहितोय हे बघायला कुणी नव्हतं. मी दहाच्या जागी एक लिहिला असता तरी कुणाला कळलं नसतं, आणि आमची चूल वाचली असती. हे तिला माहीत होतं. म्हणूनच गेली. असा राग आला मला तिचा!

मी ठरवून आलो होतो. खोटं कशाला बोलू, बसमध्ये बसलो तेव्हाच ठरवलं होतं की कमी लिहायचं. पहिला तास तक्ता कोराच ठेवला. ऊन तापलं तशा घारी डेपोवरून गोल गोल वर चढायला लागल्या, कुणी दोरीने ओढतंय तशा, एकावर एक, थेट जिथून विमान उतरणार त्या वाटेवर. मी डोळे मिटले. मग तिचं पत्र आठवलं. डोळे मिटण्याबद्दलचं. तेवढ्यात मागे पत्र्यावर ठण्ण झालं आणि मी असा दचकलो की दुर्बीण बांधावरून गडगडली.

ती आणून दिली तिच्या वडिलांनी. जेवायच्या सुट्टीत बुलडोझर थांबवून आले होते. शेजारी बसले, डबा उघडला, अर्धा माझ्यापुढे सरकवला. तुमच्याइतकेच शांत आहेत, पण तुमच्यासारखा धडा देत नाहीत. माळावरचा का, म्हणून विचारलं. मग म्हणाले की नीट मोज. आणि एक सांगतो, आमची दया येऊन जास्त लिहू नकोस, आम्हालाही रात्री झोप लागायला हवी. मामा, मी त्यांचं घर घालवायला बसलो होतो, आणि तो माणूस मला सांगतो की माझ्या बाजूने खोटं लिहू नकोस!

जेवढ्या दिसल्या तेवढ्या लिहिल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. तुमच्या जुन्या नोंदींपेक्षा आकडा मोठाच भरला. खाली सही केली. संध्याकाळी पट्टी आली, तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि दुसऱ्यांदा वाचला नाही. बसपर्यंत सोडायला आली. वाटेत नळ लागला, तिथे थांबून तिने हात धुतले आणि म्हणाली की तूही धू, वास लागलाय. आम्ही एकाच नळावर हात धुतले. बस आली. एवढंच. तुम्ही हसू नका.

मी माझ्या सहीने माझं घर दिलंय, मामा. आता कुणावर ओरडू? तुमच्यावर ओरडलो तर तुम्ही बरोबर, तिच्यावर ओरडलो तर ती बरोबर, आणि आभाळावर ओरडून घारी काही कमी होत नाहीत. राग आहे तेवढाच आहे, फक्त ठेवायला जागा नाही. आईला तुम्ही येऊन सांगा. तुमची ताई आहे. मला नाही जमणार.

लोभ करा. या वेळी मागूनच घेतो.

भडकू


३० मार्च

चि. भडकू यास,

भरघोस आशीर्वाद! घाईत लिहितो आहे, कारण बातमी आनंदाची आहे आणि मला ती दाबून ठेवता येत नाही.

तुमची वस्ती वाचली. तू तक्ता दिलास त्या दिवसापासून ती पोर संगणकासमोरून उठली नाही. जागा माळाचीच राहिली, ते टळणार नव्हतं. पण धावपट्टी आता दक्षिणेकडे सरकवली आहे. वस्तीच्या तावदानाचं वजन तिने वरिष्ठांशी भांडून वाढवून घेतलं. मी नुसता शेजारी उभा होतो. एकही घर जात नाही, कारखान्याची भिंतसुद्धा नाही. भट्टीचं धुराडं तेवढं बुटकं करावं लागेल. दक्षिणेला जातो तो तुमचा मातीचा खड्डा, तिथे तसंही कुणी राहत नाही.

ताईला सांग, पुढच्या सुट्टीत येतो. पंखा पुसून ठेव.

माया होतीच, आता अभिमानही आहे.

तुझा,
मामा


६ एप्रिल

पट्टीस,

स. न. वि. वि.

मामांचं पत्र आलं. ते मी पाळी सुटल्यावर फाटकापाशी सगळ्यांना वाचून दाखवलं. घरं वाचली म्हटल्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग शेवटचं वाक्य वाचलं, खड्ड्याचं, आणि टाळ्या बंद झाल्या. एकदम नाही. एकेकीला कळत गेलं, तशा एकेक करून.

तुझ्यावर ओरडायला हे पत्र नाही. तुझा नकाशा या वेळी चुकलेला नाही. तिथे खड्डा दाखवलाय, तो खड्डाच आहे. तिथे कुणी राहत नाही, हेही खरं. पण पट्टी, आमची भट्टी त्या खड्ड्यावर जगते. कौलाची माती तिथलीच. बाबांनी मागे एकदा दुसरीकडची आणून बघितली होती. भाजताना निम्मी कौलं तडकली. म्हणजे घर राहिलं, छप्पर राहिलं, धुराडं बुटकं का होईना राहिलं, आणि खालून माती काढून घेतली. आता आम्ही इथे राहून करायचं काय? विमानं मोजायची? मामा अभिमान आहे म्हणतात. मला ते वाचून कागद चावावासा वाटला. तुमच्या सगळ्या तावदानांत उतार आहे, वारा आहे, पूर आहे, पक्षी आहेत, माणूस झोपतो कुठे तेही आता आहे. माणूस कशावर जगतो, त्याचं तावदानच नाही. ज्याचं तावदान नाही त्याला वजन कसलं, शून्यसुद्धा नाही!

हा माझा तिसरा आक्षेप. शिक्का मार. या वेळी शिव्या घातलेल्या नाहीत, सोबत नकाशा जोडलाय. बाबांना घेऊन अख्खा माळ पायी फिरलो. कुठली माती कौलाला चालते, कुठली नुसती विटेला, कुठली कशालाच नाही, ते तीन रंगांत भरलंय. रेघा वाकड्या आहेत. जमीनही वाकडीच आहे. तुझ्या तावदानांत हे एक वाढव आणि त्याला किती वजन द्यायचं ते वरिष्ठांना विचार. तोंडावर विचार. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला कळव, गोड करून नको.

जूनपासून कॉलेजला परत येतोय. भूगोलाच्या सरांना पत्र टाकलं. त्यांनी उलट टपाली लिहिलं की ये, पण भांडायचं असेल तर आकडे घेऊन भांडायला ये. तुझ्यासाठी येत नाही. नकाशाशी ओरडून भांडता येत नाही, नकाशाशी नकाशानेच भांडावं लागतं, म्हणून येतो. निम्मं म्हणून. उरलेलं निम्मं काय ते तुला माहीत आहे, आवक शाखेलाही माहीत आहे.

आता कामाचं. हे पत्र टपालाने नाही, उद्या दुपारी तुमच्या घरापाशी येणाऱ्या कारखान्याच्या गाडीबरोबर पाठवतोय. तीत कौलं आहेत, तुमच्या छपराला पुरतील एवढी. बाद नाहीत. आईने एकेक कानाशी धरून वाजवून निवडली आहेत, आमच्या स्वतःच्या घरावर असं एकही नाही. तुझ्या वडिलांनी अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला होता, ते मी घरी सांगितलं. बाबांनी ते ऐकलं आणि भट्टी लावली. ऑफिसातल्या कुणी बोट दाखवलं तर सांग, आक्षेप अजून उभाच आहे. ही त्याची लाच नव्हे, त्याचा पुरावा आहे. मी चढून शाकारून देईन. घारींनी हाड टाकलं तरी पत्र्यासारखं ठण्ण होणार नाही.

गाडी भरून झाल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला होता. म्हणाले की त्या पोरीला निरोप सांग, ही आमच्या खड्ड्यातल्या शेवटच्या मातीची कौलं आहेत, नीट बसवून घे. आणि बसवून झाल्यावर एकदा वरून फोटो काढ म्हणावं. तुझंही घर पडीक दिसेल.

लोभ असू दे, पट्टी, आणि उत्तर आवक शाखेतून पाठवू नकोस.

भडकू